स्वतःचीच जमीन मोजलेली बाई

पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे टेपबाई. तिला हे ठाऊक होतं आणि त्याचं तिला मनातून बरंही वाटायचं. सव्वीस वर्षं ती साइटवर जाऊन भिंती मोजत आली होती. नकाशात चार फुटांचा दाखवलेला जिना जागेवर साडेतीनचा निघाला, की ती चकार शब्द न बोलता टेप गुंडाळायची, वहीत आकडा लिहायची आणि चालू लागायची. कंत्राटदार मागून "मॅडम, निदान चहा तरी" करत धावायचे. चहा ती आपल्या थर्मासमधला प्यायची.

मालमत्तेचं विवरणपत्र ती दर वर्षी पंधरा मिनिटांत भरून द्यायची. राहता फ्लॅट, एक स्कूटर, भविष्य निर्वाह निधी, संपलं. त्या वर्षी मात्र दोन पानांचा फॉर्म सात पानांचा झाला. दक्षता अधिकारी म्हणून नव्याने आलेल्या बाईंनी सगळ्यांना सभागृहात बसवून तो समजावून सांगितला. वारसाहक्काने आलेली मालमत्ता लिहायची, भावंडांबरोबर नावावर असलेली लिहायची, आणि त्यातल्या कशाचाही पालिकेच्या परवानगीशी कधी संबंध आला असेल, तर तोही लिहायचा. मुदत महिनाअखेरपर्यंत.

"सासूबाई कुठल्या रकान्यात लिहायच्या? मालमत्तेत की दायित्वात?" पाणी खात्याच्या कारकुनाने मागून विचारलं. सगळे हसले. तीही हसली.

संध्याकाळी घरी फॉर्म भरताना चौथ्या पानावर तिचं पेन अडलं. वडिलांची गावाबाहेर एक जागा होती. खडकाळ, उताराची. लहानपणी ती तिथे एकदाच गेली होती आणि काटे टोचले म्हणून रडत परत आली होती. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा दादा कागदांचा गठ्ठा घेऊन आला होता. "इथे सही कर, चिमे. इथे, आणि हिथे खाली." कंत्राटदाराच्या साध्या पावतीवरही वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या बाईने त्या दिवशी डोळे पुसत सात ठिकाणी सही केली होती.

तिने दादाला फोन लावला. "दादा, बाबांच्या त्या जागेचं पुढे काय झालं रे?"

"आज एकदम कशाला?"

"ऑफिसचा फॉर्म आहे."

"काही लिहू नकोस. पडीक जागा ती, तिला कोण विचारतंय! बरं, ठेवतो."

आणि त्याने खरंच ठेवला. 'ठेवतो' म्हटल्यावर अर्धा तास बोलणारा माणूस तो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती जमीन नोंदणी कार्यालयात गेली. खिडकीतल्या माणसाने उतारा छापून हातात दिला. दादाचं नाव, खाली तिचं नाव. निम्मी निम्मी. शहर वाढल्यावर त्या भागातल्या सगळ्या भूखंडांना नवे क्रमांक दिले होते, तो नवा क्रमांक कोपऱ्यात होता. तिला चेहरे लक्षात राहत नसत, पण क्रमांक ती कधी विसरत नसे. ती तिथल्या बाकावर बसली आणि तो क्रमांक पुन्हा वाचला.

चार वर्षांपूर्वी त्या भूखंडावरच्या शीतगोदामाची तपासणी तिनेच केली होती. दोन तास उन्हात उभी राहून. उतार सपाट केलेला, समोरून रस्ता गेलेला, आजूबाजूला कारखान्यांच्या भिंती. बापाची जागा तिला ओळखूच आली नव्हती. अर्जावर नाव गोदाम कंपनीचं होतं. मालकीचे कागद दुसऱ्या टेबलावर बघत, मोजमाप तेवढं तिचं.

तिथून ती तडक पालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. तिथल्या काकांना निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि फाइल कुठल्या मांडणीवर आहे ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. त्यांनी ती दोन मिनिटांत काढून समोर ठेवली. नवव्या पानावर जमीनमालकांचं संमतीपत्र होतं. दादाची सही, आणि खाली तिचं पूर्ण नाव, त्याच्यापुढे 'मुखत्यारपत्राने' असं लिहून पुन्हा दादाचीच सही. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सात सह्यांतली एक मुखत्यारपत्रावर होती तर. चौदाव्या पानावर तपासणी अहवाल. तिथे तिची स्वतःची सही, ठसठशीत, तारखेसकट. मालकीण ती आणि मंजुरीची शिफारस करणारीही तीच. मध्ये फक्त चार पानं.

"चहा सांगून येतो," काका म्हणाले. "दार ओढून घेतो, धूळ फार येते."

दार बंद झालं. फाइलीच्या दोरीची गाठ सैल करायला तिला किती वेळ लागला ते तिलाच कळलं नाही. एक पान. घडी घालून पर्समध्ये मावेल एवढं. बाहेर कुणाच्या तरी चपला फरफटत गेल्या आणि ती गारठली. मग तिची नजर पानाच्या कोपऱ्यावर गेली. प्रत्येक पानावर शाईने क्रमांक घातलेला होता. नऊ नाहीसा झाला तर आठनंतर दहा येणार, आणि असली चोरी तिने स्वतः दोनदा पकडली होती. धैर्य वगैरे म्हणावं असं त्यात काही नव्हतं. ती घाबरली, एवढंच. काका परत आले तेव्हा गाठ घट्ट होती. "मला याची प्रत हवी आहे," ती म्हणाली. "रीतसर अर्ज देते."

रविवारी सकाळी दादा न सांगता घरी आला. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करी. सुट्टी असल्यामुळे तोही घरात होता. दादाने पाणी मागितलं आणि न पिताच पेला खाली ठेवला.

"दुकान बुडालं त्या वर्षी ती जागा भाड्याने दिली," तो म्हणाला. "तुला सांगणार होतो."

"कधी?"

"सांगणार होतो म्हटलं ना! दर वर्षी वाटायचं, आता सांगू. मग राहून जायचं. पैसे घरात खर्च होऊन जायचे. तुझा वाटा कुठून काढून देणार होतो?"

"मला पैसे नकोत, दादा. मी त्या गोदामाची तपासणी केली आहे. माझ्या सहीने ते उभं आहे."

"ते मला तरी कुठे माहीत होतं? अधिकारी बाई येऊन गेली एवढंच कंपनीवाले म्हणाले होते." तो पुढे सरकला. "चिमे, तू लिहिलंस तर परवाना जाईल. मी या वयात रस्त्यावर येईन."

"आणि नाही लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"चार वर्षांत कुणी उघडली ती फाइल?"

"मी उघडली."

दादा उठला. दारात चपला घालताना त्याचा हात भिंतीवर टेकलेला होता, आणि तो तिला एकाएकी म्हातारा दिसला.

दिवसभर तिने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, तुझ्या ऑफिसातलं मला काही कळत नाही. पण गेले चार दिवस दाराची बेल वाजली की तू दचकतेस. असं निवृत्त होईपर्यंत करणार आहेस का?"

सोमवारी तिने फॉर्म भरला, प्रत जोडली आणि स्वतः नेऊन दिला. दक्षता अधिकारी बाई तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी दोनदा वाचलं.

"स्वतःच्या जमिनीवर दोन तास उभ्या होतात आणि तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं, मॅडम." ते मोठ्याने ऐकल्यावर तिचा तिलाच विश्वास बसेना.

त्याच दुपारी तिला साइटवरून काढून अर्ज स्वीकारायच्या खिडकीत बसवलं. चौकशी चार महिने चालली. टेपबाईने भावाला गोदाम बांधून दिलं, अशी बातमी वरच्या मजल्यापर्यंत गेली. पाणी खात्याचा कारकून तिच्याकडे बघून हसेनासा झाला. एक कंत्राटदार खिडकीत कोपर टेकून म्हणाला, "काय मॅडम, आता आमचं मोजणार कोण?" पावतीवर शिक्का मारताना तो वाकडा पडला. शिपाई लिफाफा घेऊन येताना दिसला की ती हातातलं काम थांबवायची, मग लिफाफा कुणाचाही असो.

तिसऱ्या बोलावण्याला अधिकारी बाईंनी तिचा जुना अहवाल समोर उघडून ठेवला होता. "गोदामाची मागची भिंत तुम्ही पाडायला लावली होतीत?"

"हद्दीपासून सोडायची जागा सव्वा फूट कमी भरत होती."

"परवाना सात आठवडे अडला त्यामुळे."

"अडला असेल."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. त्या पेनाच्या आवाजावरून बरं की वाईट ते कळण्यासारखं नव्हतं, आणि पुढचे अठरा दिवस ती तोच आवाज आठवत राहिली.

आदेश आला तो एका पानाचा. जमिनीची माहिती नव्हती हे मान्य. पण मालकाचं नाव न बघता अहवाल दिला हा हलगर्जीपणा, म्हणून लेखी ताकीद आणि एक वेतनवाढ बंद. गोदाम दुसऱ्या तपासनिसाने मोजलं, ते बरोबर निघालं, परवाना राहिला. तिला पुन्हा साइटवर पाठवलं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. ताकीद सेवापुस्तकात चिकटवली गेली, आणि सव्वीस वर्षांच्या कोऱ्या पानानंतर ती तिला गालावरच्या डागासारखी वाटायची.

दादाचा फोन मात्र आला नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला निम्मं भाडं तिच्या खात्यात यायचं, सोबत ना निरोप ना काही. एकदा वहिनीचा फोन आला. "रागावलेले नाहीत हो ते. तुमच्यासमोर यायचं कसं, हेच त्यांना कळत नाही."

आठ महिने वाट पाहून शेवटी तीच गेली. दादाने दार उघडलं, बाजूला झाला आणि म्हणाला, "ये." तासभर दोघं वहिनीच्या गुडघ्याबद्दल बोलली. जमिनीचा विषय कुणीच काढला नाही. ती निघाली तेव्हा दादाही चपला घालून बरोबर आला, आणि बस येईपर्यंत थांब्यावर उभा राहिला. दोन बसगाड्या भरलेल्या गेल्या. तिसरीत जागा होती.