वापस आणून पाह्यलं काय?

अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरं पालथी घातली तरी कशावरही विश्वास न ठेवणारा इतका भला माणूस दुसरा सापडणार नाही. माझ्या मैत्रिणीचे हे मामा अकोल्याला राहतात आणि दवाखाने, कॉलेजं, लॅब अशा ठिकाणी अडलेले बॅकअप मार्गी लावून देतात. कॉम्प्युटरने 'बॅकअप पूर्ण' म्हणून हिरवी खूण दाखवली की बाकीचे लोक घरी जातात. मामा तेव्हा खुर्ची ओढून बसतात. "ठेवलं म्हन्ते ते. वापस आणून पाह्यलं काय?" माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मी 'रिस्टोअर' म्हणते. पण ठेवलेली वस्तू पुन्हा हातात येईपर्यंत ती ठेवलेलीच नसते, हे मला मामांच्या 'वापस'नेच कळलं.

हा नियम त्यांनी कॉम्प्युटरपुरता ठेवला असता तर मामींचे दिवस सोपे गेले असते. अमरावतीला लग्नाला निघायचं असलं की मामा आधी गाडीची स्टेपनी लावून बघतात, त्यामुळे अक्षता त्यांच्या वाट्याला कधी येत नाहीत. घराची जादा किल्ली शेजाऱ्यांकडे असते, म्हणून महिन्यातून एकदा ते सगळ्यांना बाहेर काढतात, दार ओढून घेतात आणि शेजारून किल्ली आणून उघडून बघतात. एकदा मीही त्यात सापडले. त्या दिवशी शेजारी शेगावला गेले होते आणि आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता.

"पाह्य, आज मालूम पडलं ना," मामा समाधानाने म्हणाले. "खरंच अडलो असतो तं?"

"मंग आता काय खोटं अडलो काय?" मामी म्हणाल्या. "माहं वरन जळून राह्यलं ना आतमंदी!"

मी मेळघाटातल्या फुलपाखरांवर पीएचडी करते. धारणीच्या बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत तीन वर्षांच्या नोंदी जमवल्या, आणि त्यांचा रोज बॅकअप घेत होते. मामांनी एका रविवारी मला ड्राइव्ह घेऊन अकोल्याला बोलावलं, सगळा बॅकअप आपल्या एका जुनाट कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि नोंदी उघडून दाखवायला लावल्या. उघडल्या. मी 'थँक यू' म्हणाले. अख्खा रविवार गेला, हे मनात ठेवलं.

दिवाळीनंतर माझा लॅपटॉप बंद पडला. बॅकअप होता म्हणून मी निर्धास्त होते. पण नोंदी परत आणायला घेतल्या आणि काम मधेच थांबलं: एक भाग सापडत नाही. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते. तो भाग कुठे गेला हे मला चांगलं माहीत होतं. ड्राइव्ह भरली म्हणून मधल्या काही बारक्या फाइली मीच पुसल्या होत्या. पहिली मोठी फाइल आहे ना, मग ही चिल्लर कशाला? मामांना फोन करून मी सगळं सांगितलं, एवढं सोडून.

दुसऱ्याच दिवशी, रविवार असून, मामा सकाळच्या गाडीने अमरावतीला आले. केबल बदलली, दुसऱ्या मशीनवर लावून बघितलं, पुसलेल्या जागा धुंडाळल्या. मग चष्मा काढून म्हणाले, "पाह्य पोरी, पयली फाइल म्हन्जे इंजिन. मंग रोज जेवढं बदललं तेवढा एक डब्बा. मधातलं कपलिंग निघालं तं मागचे डबे बडनेऱ्यालेच उभे राह्यतेत. इंजिन मोठं असून काय करन?"

मामांनी घरी फोन लावला. "त्या डब्यावरचा मनीप्लांट उचल."

"कोनता डब्बा?"

"तू फेकून द्या म्हनते तो."

"तरीच म्हनलं, आज माही याद कशी आली!"

आम्ही लगेच अकोल्याची बस धरली. त्या जुनाट कॉम्प्युटरवर माझा त्या रविवारचा बॅकअप जसाच्या तसा होता, आणि मी नंतर पुसलेल्या फाइली त्याआधीच्याच असल्यामुळे तिथे शाबूत होत्या. मामांनी त्या जागच्या जागी ठेवल्या. अडलेली पट्टी हलली आणि हळूहळू शेवटापर्यंत गेली. मी मनीप्लांटला पाणी घालायला उठले, कारण कुणाकडे बघणं मला जमत नव्हतं.

"मामा, तो भाग..." मी सुरुवात केली.

"मशीनचं काय खरं हाये बाप्पा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आलं म्हन्ते ते. उघडून पाह्यलं काय?"

उघडलं. तिन्ही वर्षं होती.

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. तो परदेशात असतो आणि दर रविवारी न चुकता व्हिडिओ कॉल करतो. "यंदा नक्की येतो, बाबा," तो म्हणाला. मामी मागून म्हणाल्या, "मागच्या साली बी नक्कीच होतं, राजा."

मी मामांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होते. महिन्याच्या महिन्याला स्वतःला घराबाहेर कोंडून घेणारा हा माणूस एवढंच म्हणाला, "हाव, हाव. ये." फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला.

माझा हरवलेला भाग कुठे गेला, हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. मीही त्यांना काही विचारलं नाही.