फ्यूजकाका आणि तापलेली बॅटरी

फ्यूजकाकांचा राग नाकावर असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं, कारण हा माणूस कधी उडेल याचा नेम नाही. गाडीवर कुणी रेलून उभं राहिलं की उडतो, पाना जागेवर सापडला नाही की उडतो, आणि पाना स्वतःच्याच खिशात निघाला तर दुप्पट उडतो. पण काम? काम एकदम चोख! त्यांनी हात लावलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, असं तीस वर्षांत घडलं नव्हतं. त्या शनिवारी मात्र घडलं.

सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं, तोच नर्सबाईंची गाडी गचके खात दारात येऊन थांबली. चौदा वर्षांची हायब्रिड, म्हणजे थोडी पेट्रोलवर चालणारी आणि थोडी मागच्या सीटपाठीमागच्या मोठ्या बॅटरीवर. त्या गाडीतून नर्सबाई घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांना इंजेक्शनं देतात, जखमा बांधतात. बॅटरी आधीही रुसली होती. तेव्हा कंपनीच्या शोरूमने गाडीला यंत्र जोडलं, पडद्यावरचा आकडा वाचला आणि "अख्खी बॅटरी बदला, नाहीतर गाडी भंगारात घाला" म्हणून हात झटकले. काकांनी तीच बॅटरी उघडली, आतल्या अठ्ठावीस खणांपैकी मेलेले दोन बदलले आणि छातीठोकपणे सांगितलं, "सिस्टर, आता तीन वर्षं इकडे फिरकायचं काम नाही."

"तीन आठवडे झालेत, काका!" नर्सबाई गाडीतून उतरल्या त्याच तणतणत. "समोरच्या काट्यांत परत तो धोक्याचा लाल त्रिकोण पेटला. चढावर गाडी अशी मेली की मागचे सगळे हॉर्न मारून माझा उद्धार करत होते. एक आजोबा तिकडे इंजेक्शनची वाट बघतायत. आणि मागून तो पंखा नुसता घूंऽऽ करून डोकं उठवतोय!"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नर्सबाईंवर राग काढता येईना, कारण त्यांचं चुकलेलं काहीच नव्हतं. मग तो ज्यांच्यावर काढता येतो त्यांच्यावर निघाला. असे रागीट लोक हिशेबी असतात हो, कुणावर ओरडलं तर खपेल हे त्यांना रागातही बरोबर कळतं!

लेक मागे ओट्यावर मीटर पुसत होती. सव्वीस वर्षांची, हायब्रिडचं रीतसर शिक्षण घेतलेली, चार वर्षं बापाच्या हाताखाली राबणारी. शोरूमच्या मोठ्या वर्कशॉपने तिला नोकरी देऊ केली होती आणि शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायला सांगितलं होतं. आज शनिवार उजाडला होता. काकांना सगळं माहीत होतं. पण "जाऊ नकोस, तुझ्याशिवाय माझं अडतं" एवढं एक वाक्य बोलायला त्यांची जीभ रेटत नव्हती. आठवडाभर ते उगाचच डाफरत फिरत होते.

लेकीने गाडीला यंत्र जोडलं, आकडे बघितले आणि म्हणाली, "बाबा, खण ठीक वाटतायत. बॅटरी तापतेय फक्त. पंखा एवढा ओरडतोय आणि तरी तापतेय, म्हणजे हवाच पोचत नाहीये. आधी हवेचा मार्ग बघू या."

"मला शिकवू नकोस!" काका कडाडले. "नट कुणी आवळले होते मागच्या वेळी? तूच ना? एक जरी ढिला राहिला तर तापणारच! चार पुस्तकं वाचली म्हणून हाताला कसब येत नाही."

"सगळे नट मापून आवळलेत मी. उघडून तरी बघा. न उघडता निकाल देतात म्हणून शोरूमवाल्यांना तुम्हीच शिव्या घालता ना?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. काका नर्सबाईंकडे वळले आणि लेकीकडे बोट दाखवून म्हणाले, "सिस्टर, माफ करा. हिच्यावर सोडलं तिथेच चुकलं माझं. हिच्या हाताला यशच नाही."

लेकीने नारिंगी रबरी हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले आणि मागच्या जिन्याने वर घरात निघून गेली. नर्सबाई म्हणाल्या, "काका, हे काही बरं नाही केलंत." काका म्हणाले, "तुमची गाडी बघू द्या मला."

आता एकट्याने! मागचं सीट काढलं. बॅटरीची वीज तोडणारा नारिंगी खटका उपसून खिशात घातला, आत साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं थांबले आणि ती दहा मिनिटं स्वतःशीच पुटपुटत काढली. मग झाकण उघडलं. ढिला नट सापडेल, काळवंडलेली पट्टी सापडेल, लेकीची काहीतरी खोट सापडेल म्हणून ते अगदी आसुसले होते. एकेक नट तपासला. सगळे घट्ट. अठ्ठावीस खण मीटर लावून एकामागून एक मोजले. सगळे सारखे, केसाचाही फरक नाही. इतकं सुबक काम त्यांना स्वतःला जमलं नसतं, आणि हे लक्षात आलं तसा त्यांचा पारा आणखीच चढला.

राहता राहिला हवेचा मार्ग. सीटच्या कडेला एक जाळी असते, तिथून रुंद नळीने हवा आत जाते आणि पंखा ती बॅटरीवर फिरवतो. काकांनी नळी सोडवली, आत हात घातला. बोटांना कापड लागलं.

त्यांनी ते ओढून बाहेर काढलं. चौकड्यांच्या शर्टाच्या बाहीचा बोळा! ओळखायला वेळ लागला नाही, शर्ट त्यांचाच होता. जुन्या गाड्यांवर आयुष्य गेलेल्या मिस्त्रीची ही सवयच असते. इंजिनाचं कुठलंही तोंड उघडं दिसलं की आत नट पडू नये म्हणून त्यात फडक्याचा बोळा कोंबायचा. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी इथेही तो कोंबला आणि काढायचा विसरले. लेक बोळे वापरत नाही. ती उघड्या तोंडावर पिवळी चिकटपट्टी लावते आणि काम संपल्यावर पट्ट्या मोजून काढते. त्यावरून काकांनी तिची किती टिंगल केली होती!

नर्सबाई बाहेर फोनवर आजोबांच्या सुनेची समजूत काढत होत्या. बोळा खिशात घातला असता तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. तो विचार काकांच्या मनात आला, नाही असं नाही. मग त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली. ते ताडताड बाहेर गेले आणि नर्सबाईंपुढे बोळा धरून म्हणाले, "हा माझा. पोरीचं काम चोख आहे. गाढव मी आहे."

"मला काय सांगताय?" नर्सबाई म्हणाल्या. "वर जाऊन तिला सांगा."

लेक स्वयंपाकघरात बेसिनपाशी हात धूत होती. काकांनी बोळा टेबलावर ठेवला. तिने एकदाच बघितलं.

"नळीत होता," काका म्हणाले. "चूक माझी. तुला बोललो ते… बोलायला नको होतं."

"बाबा, हा माझा निघाला असता तर?"

"तर काय?"

"तर परक्या माणसासमोर तुम्ही मला जे बोललात, ते बरोबर ठरलं असतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "चूक तुमची निघाली म्हणून तुम्ही वर आलात. माझी निघाली असती तर खाली बसून अजून चार शब्द ऐकवले असतेत. चार वर्षं तेच ऐकतेय मी. रोज सकाळी जिना उतरताना आज कशावरून बोलणी बसणार हेच डोक्यात असतं माझ्या, ठाऊक आहे तुम्हाला?"

काकांनी टेबलावरचा बोळा परत उचलला.

"मी शोरूमला फोन केलाय," ती म्हणाली. "सोमवारपासून जाते. आता सिस्टरची गाडी मोकळी करा, तिकडे पेशंट ताटकळलाय."

काका खाली आले. नळी जोडली, झाकण लावलं, खटका बसवला. गाडी चालू केली तर लाल त्रिकोण गेला आणि पंखा अगदी हळू फिरू लागला. राहिलं मागचं सीट. ते अवजड असतं, एकट्याने बसत नाही, कुणीतरी दुसरं टोक धरावं लागतं. काकांनी सवयीने जिन्याकडे तोंड करून "ए पोरी" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

दुसरं टोक शेवटी नर्सबाईंनी धरलं.