शेवटचं प्रकरण काकूंकडे

आजारी कसं पडावं, हे साऱ्या कोलकात्यात फक्त आमच्या वरच्या काकूंना कळत असे. बाकीचे लोक नुसतेच आजारी पडतात. कण्हतात, डॉक्टरांना नावं ठेवतात आणि बरे होतात. काकूंच्या मते ताप म्हणजे वरून मंजूर होऊन आलेली रजा होती, आणि अशी रजा झोपून काढणं हा शुद्ध करंटेपणा. त्या स्वतः वर्षातून दोनदा, शनिवार-रविवार पाहूनच आजारी पडत आणि त्याआधी आठवडाभर सिनेमांची यादी करत. जन्मभर त्या बँकेत अधिकारी होत्या. शेवटची बदली कोलकात्याला झाली, इथेच निवृत्त झाल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्यात स्थिरावलेला, पण काकू बालीगंजच्या दोन खोल्यांतून हलायचं नाव घेईनात. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर. माझीही बदलीच, बायको आणि मुलगी नाशिकला. म्हणजे आजारपणात विचारपूस करणारं मला इथे कोणी नव्हतं, आणि काकूंना नेमका असाच रोगी हवा असे.

मला शिंक आली की दहा मिनिटांत त्या खाली येत. चष्म्याच्या घरात पाऱ्याचा थर्मामीटर, एका हातात मऊ भाताचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी. आकडे दाखवणाऱ्या नव्या थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. तो माणसाचं मन राखतो, असं त्या म्हणत. पारा पाहून उपचार ठरे. ताप शंभरच्या आत असेल तर रहस्यकथा. शंभरच्या वर गेला तर सिनेमा, तोही मारामारीचा, कारण तापात गोष्ट कळली नाही तरी कोण कुणाला मारतंय एवढं कळतं. एकशे दोनच्या पुढे टीव्हीवरची बंगाली मालिका; ती पाहायला शुद्धीवर असण्याची गरज नाही, हा त्यांचा अनुभव. मालिका चालू असताना त्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि मला मराठीतून सगळं समजावून सांगत. एकदा त्यांच्या भरवशावर मी तीन भाग ज्या बाईवर दातओठ खात होतो, ती नायिकेची सख्खी आई निघाली. तसं म्हटलं तर काकू म्हणाल्या, "आई असली म्हणून काय झालं? चेहरा बघ तिचा."

पण काकूंचं खरं वैभव म्हणजे रहस्यकथांची ट्रंक. पातळ, पिवळ्या पडलेल्या मराठी रहस्यकथा, प्रत्येक बदलीत त्यांच्याबरोबर फिरलेल्या आणि आता कुठल्याच दुकानात न मिळणाऱ्या. ह्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यांनी ब्लेडने कापून वेगळं काढलं होतं. ते खाकी पाकिटात, पाकिटावर पुस्तकाचं नाव, खाली काकूंची छोटी सही. पुस्तक रोग्याकडे, पाकीट काकूंच्या कपाटात. बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, तसंच हे. ताप उतरला, भात पोटात गेला, की काकू जातीने पाकीट घेऊन खाली येत. खुनी कोण ह्या काळजीने माणूस लवकर बरा होतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. मी तरी होत असे.

मुलगा त्यांच्या मागे लागला होता, पुण्याला चल म्हणून. आईचं वय झालं, काही विसरली, गॅस चालू राहिला तर काय, ही त्याची धास्ती. गेल्या खेपेला तो आला तेव्हा काकूंनी माझ्यादेखत त्याला सांगून टाकलं, "ज्या दिवशी माझं एक पाकीट चुकेल, त्या दिवशी ये मला न्यायला." जाताना त्याने माझा नंबर घेतला आणि असं काही झालं तर कळवा, म्हणून दोनदा बजावलं. मी हसत हो म्हटलं. काकूंचं पाकीट चुकेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

ह्या हिवाळ्यात एका शुक्रवारी एस्प्लनेडच्या ऑफिसातून मेट्रोने परतलो तो अंगात कणकण घेऊनच. शनिवारी पारा शंभराच्या वर. दोन सिनेमे झाले, दुपारी तर मालिकेपर्यंत मजल गेली. रविवारी ताप नव्व्याण्णववर आला आणि ट्रंकेतलं पुस्तक मिळालं. थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, विषाने मेलेले शेठजी आणि तीन संशयित: पुतणी, डॉक्टर आणि मुनीम. माझा मुनिमावर डोळा होता. संध्याकाळी घाम येऊन ताप उतरला, काकूंनी डब्यात भात उरला नाही ना ते पाहिलं आणि पाकीट हातात दिलं. नाव बरोबर, सही बरोबर. आत मात्र पोलीस सर्कशीच्या तंबूत शिरले होते आणि झोपाळ्यावर कसरती करणाऱ्या माणसाला बेड्या पडत होत्या. माझ्या पुस्तकात सर्कस नव्हतीच. आधी वाटलं, ताप परत चढला. थर्मामीटर लावला, साडेसत्त्याण्णव. मग पानांचे आकडे पाहिले. पुस्तक एकशे बत्तीसवर थांबलं होतं आणि प्रकरण एकशे सत्तेचाळीसला सुरू होत होतं.

तेव्हा काय करायला हवं होतं, हे मला आता नीट कळतं. वर जायचं, पाकीट काकूंपुढे ठेवायचं आणि म्हणायचं, हे बघा काय झालंय. मी त्यांच्या मुलाला फोन केला. जबाबदारी वगैरे शब्द डोक्यात होते. त्याच महिन्यात काकूंनी एकच निरोप मला तीनदा दिला होता, तेही सांगून टाकलं. पंधरा दिवसांत ट्रंक बांधली गेली. काकूंनी वाद घातला नाही. शब्द दिलेला होता. खाली टॅक्सी उभी असताना त्या माझ्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "सर्कशीचं तू आधी मला सांगायला हवं होतंस. त्याला नाही." मी त्यांची पिशवी टॅक्सीत नेऊन ठेवली.

वरच्या खोल्यांत आता एक जोडपं राहतं. त्यांना माझी शिंक ऐकू जात नाही, आणि मला काकूंची फार आठवण येते. शेठजींच्या खुनाचं पुस्तक माझ्याकडेच राहिलं. गेल्या आठवड्यात पुण्याहून टपाल आलं. खाकी पाकीट, त्यावर माझ्या पुस्तकाचं नाव, सही आणि खाली एक ओळ: ताप नसेल तरच उघडणे. मी उभ्याउभ्याच उघडलं. आत समुद्र होता, वादळ होतं, आणि दीपगृहाचा म्हातारा रखवालदार गुन्हा कबूल करत होता. शेठजींचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. पाकीट पोचलं का, ताप आहे का, भात कोण करून देतं, सगळं क्रमाने विचारून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोण निघाला?"

"दीपगृहाचा रखवालदार, काकू."

मग त्या समाधानाने म्हणाल्या, "मला पहिल्यापासून त्याचाच संशय होता."

मुलाचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. ह्या वेळी मी तो लावला नाही.