गादीवरचं पडणं

आमची धाकटी लहानपणापासून मितभाषी. घरात काही बिघडलं की उघडून बसायची, आणि जुळलं नाही तर तसंच पसरलेलं टाकून शाळेत जायची. "माझ्यावर गेलीय," बाबा म्हणायचे, "फक्त मी लिफ्ट परत चालू करायचो."

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. कंपवातानं पाय ऐकेनासे झाले तसे ते घरातल्या घरात पडू लागले. आई कारखान्यात, आम्ही दोघी बहिणी विद्यापीठात. दुपारभर ते एकटे. म्हणून कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला धाकटीनं प्रोजेक्ट निवडला तो घरचाच: खोलीत कॅमेरा, आणि माणूस पडला की आमचे फोन वाजवणारा प्रोग्राम.

मशीनला पडणं ओळखायला शिकवायचं तर पडण्याचे पुष्कळ व्हिडिओ लागतात. बाबांना कोण पाडणार? हिवाळाभर सुटीच्या दुपारी बाहेरच्या खोलीत गादी अंथरून मीच पडत राहिले. कधी कुशीवर, कधी गुडघ्यांवर, कधी बाबांचा जुना सदरा घालून.

"ताई, तू पडत नाहीयेस, लोळतेयस," ती कॅमेऱ्यामागून म्हणायची.

"मग ये, तू पड."

"ती आधी हात कुठं टेकायचा ते बघते," खुर्चीतून बाबा. "खरा माणूस बघत नाही गं."

चालण्या-बसण्या-वाकण्याचेही व्हिडिओ घेतले. तेव्हा पायात येते म्हणून गादी गुंडाळून ठेवायचो. त्यात काही चुकतंय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

प्रोग्राम जवळजवळ चुकेनाच. तिचे सर खूश झाले. सादरीकरण तोंडावर आलं तेव्हा तिनं तो घरी चालू केला. दुपारी शेजारच्या काकू बाबांकडे डोकावून जात, त्यांना तिनंच सांगितलं, "आता नका त्रास घेऊ."

त्याच आठवड्यात बाबा पडले. आमचे फोन गप्प होते. संध्याकाळी आई आली तेव्हा ते पलंग आणि टेबलाच्या मधल्या फरशीवर होते, ओठ कोरडे पडलेले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलच्या बाकावर धाकटीनं लॅपटॉप उघडला. चित्र स्वच्छ होतं. बाबा उघड्या फरशीवर, आणि कोपऱ्यात प्रोग्रामचा शेरा: सर्व ठीक. मग तिनं शूटिंगच्या आधीचा एक तुकडा लावला. खोलीत माणूस नाही, नुसती गादी पसरलेली. शेरा: माणूस पडला.

"मी त्याला गादी ओळखायला शिकवलं, ताई," ती म्हणाली. लॅपटॉप मिटून तिनं तो मांडीवर घट्ट धरून ठेवला.

सरांनी समजावलं, "सादरीकरणात गादी अंथरून दाखव, पास होशील. घरचं तिथं कशाला काढतेस?" तिनं मुदत वाढवून मागितली. उशिराचे गुण कापले जाणार होते. घरी येऊन गादी माळ्यावर टाकली, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि फरशीवर पडू लागली. हात कुठं टेकायचा ते न बघता. कोपरं काळीनिळी झाली तरी थांबेना. कॅमेरा हलू न देणं तेवढं मी केलं.

शेवटी ती बाबांच्या खाटेशी गेली. "तुमचा व्हिडिओ घालू त्यात?"

"घाल की," बाबा छताकडे बघत म्हणाले. "सगळ्यांत चांगलं पडणं माझंच असेल."

प्रोजेक्ट पुरा झाला. ती पास झाली, नोकरीला लागली. प्रोग्राम आता गादीला फसत नाही. कुणी फरशीवर पडलं की फोन वाजतात. पण वाजायची वेळ येत नाही, कारण बाबा पुन्हा चालले नाहीत. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर आहे, आणि कोपऱ्यात दिवसभर शेरा असतो: सर्व ठीक.

जेवणाच्या सुटीत धाकटी डबा उघडण्याआधी फोन लावते. हलक्या आवाजात विचारते, "काकू, जरा डोकावता का?"