अर्धवट ठेवायची बाजू

आमच्या चिखलीतल्या शेडमध्ये बनलेली वस्तू परदेशातल्या एका मोठ्या समारंभात कुणाच्या तरी हातात दिली जाणार, हे कळलं तेव्हा माझे पाय दोन दिवस जमिनीवर नव्हते. दर वर्षी तीन माणसांना मिळणारा तो आंतरराष्ट्रीय पुरस्कार: एक विज्ञानातला, एक कलेतला, एक पत्रकारितेतला. त्याची तीन पितळी स्मृतिचिन्हं करायचं काम चाकणच्या एका ओळखीच्या कंपनीमार्फत आमच्याकडे आलं होतं. एरवी आम्ही पंपाचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग करतो. त्यांच्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत.

डिझाइन एका शिल्पकाराचं होतं. वीतभर उंचीचा चौकोनी ठोकळा; तीन बाजू आरशासारख्या, आणि चौथी मशीनच्या कटरने ओढलेल्या रेघांसकट तशीच खरखरीत ठेवायची. सोबत त्याचं पत्र होतं. प्रयोग असो, चित्र असो की बातमी, खरं काम कधी पुरं होत नाही, ही बाजू त्या उरलेल्या कामाची, असं त्यात लिहिलं होतं. मला ते इतकं आवडलं की मी ते केबिनमध्ये ड्रॉइंगशेजारी चिकटवलं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या नवऱ्याला फोनवर वाचून दाखवलं, त्याने ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॅबमधल्या सगळ्यांना ऐकवलं. मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. एका काकूंनी पुरस्कार मलाच मिळाला असं समजून अभिनंदन केलं आणि, खरं सांगते, मी लगेच खुलासा केला नाही.

पॉलिशचं काम मामांचं. माझे सख्खे मामा नव्हेत, पण सगळी शेड त्यांना मामाच म्हणते. चिखली गावातलेच ते. शेतं गेली, शेड आल्या, तेव्हा माझ्या वडिलांकडे बफिंगच्या चाकावर उभे राहिले ते आजतागायत. काम कितपत गुळगुळीत झालंय हे तपासायला त्यांना यंत्र लागत नाही, अंगठा फिरवतात आणि सांगतात. लहानपणी मला ते ‘पोरी’ म्हणायचे. वडील गेले, शेड मी चालवायला घेतली, त्या दिवसापासून मी ‘ताई’ झाले आणि ‘तू’चं ‘तुमी’ झालं. मी कितीदा सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

बुधवारी संध्याकाळी ठोकळे मशीनवरून उतरले. मी ते मामांपुढे ठेवले आणि म्हटलं, आरशासारखे करा, जग बघणार आहे. एवढंच म्हटलं आणि घरी गेले. गुरुवारी आमच्या भागातल्या शेड बंद असतात.

शुक्रवारी सकाळी आत शिरले तर टेबलावर मऊ फडक्यावर तिन्ही ठोकळे मांडलेले. चारही बाजू लखलखत होत्या. मामा सुट्टीच्या दिवशी येऊन, ओव्हरटाइम न लावता, एकूण एक रेघ घालवून बसले होते. शेजारी चहाचा कप घेऊन शाबासकीची वाट बघत उभे होते.

राग माझ्या नाकावर असतो. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढा मोठा मान, कुरिअर पाच दिवसांवर, आणि तुम्ही सगळ्याचं वाटोळं करून ठेवलंत, असं बरंच काही.  मामांनी कप खाली ठेवला आणि मागच्या फळीवरून लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले.

वडिलांच्या काळापासून आमच्याकडे एक रीत आहे. जॉब, म्हणजे हातातला नग, बिघडला की ज्याच्या हातून बिघडला त्यानेच त्याला लाल रंग लावायचा. रंग लागला की विषय संपला, नंतर कुणी चकार शब्द काढायचा नाही. शेडमधल्या प्रत्येकाने कधी ना कधी तो ब्रश धरलाय. मामांनी कधीच नाही, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. मशीनवरचे दोघे काम थांबवून बघत होते.

मामांनी एक ठोकळा हातात घेतला, फिरवला, परत फिरवला.

“कुठं लावू, ताई?” ते म्हणाले. “समदीकडनं चकचकीत हाय.”

हसावं की रडावं मला कळेना. त्यांना खरंच बिघाड दिसत नव्हता. तो कळणार होता फक्त केबिनमधल्या पत्रावरून, आणि केबिनमध्ये मामा सहसा येत नाहीत. जे पत्र मी अख्ख्या सोसायटीला वाचायला दिलं होतं, त्यातलं एक वाक्यही मी ज्याच्या हाती काम सोपवलं त्याला सांगितलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी त्यांच्या हातातला ब्रश घ्यायला गेले तर ते सोडेनात, थोडी ओढाताणच झाली. शेवटी तो मिळवून मी तिन्ही ठोकळ्यांच्या बुडाला एकेक लाल ठिपका लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “चूक माझी आहे.”

पितळ शिल्लक होतं. मशीनवरच्या दोघांनी जादा शिफ्ट करून नवे ठोकळे काढून दिले. या खेपेला मी मामांना पत्र मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. त्या शिल्पकाराला ती बाजू पुरी करून देणारा कुणी भेटला नसणार, आता भेटलाय असं कळवून टाका, असं त्यांचं मत पडलं. तरी चाकावर उभं राहण्याआधी खरखरीत बाजूवर त्यांनी स्वतःच चिकटपट्टी लावून घेतली. हाताचा भरवसा नाही, म्हणाले. पेटी वेळेत गेली. लाल ठिपक्याचा एक ठोकळा मी त्यांना देऊ केला, तर रिजेक्ट माल आपण घरी नेत नाही, असं म्हणून ते चाकाकडे निघून गेले.

समारंभाचा व्हिडिओ आला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन माझ्या लॅपटॉपभोवती बसले. शास्त्रज्ञाने ठोकळा घेतला आणि लगेच टेबलावर ठेवून दिला. चित्रकाराने तो एका हाताने उंच नाचवला. पडेल या भीतीने मामांनी डोळेच मिटले. मग पत्रकार आली, पन्नाशीची, साध्या कपड्यांतली. ती बोलत होती आणि बोलता बोलता तिचा अंगठा त्या खरखरीत बाजूवरून खालीवर फिरत होता, भाषण संपेपर्यंत. मामांचं सगळं लक्ष त्या अंगठ्याकडे होतं.

“तपासतीय,” ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, “पर खाली ठेवंना. आवडलं जणू तिला.”

त्या संध्याकाळी जाताना त्यांनी लाल ठिपक्याचा एक ठोकळा आपणहून मागून घेतला. आता रिजेक्ट माल कसा चालतो, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

पुढच्या गुरुवारी त्यांच्याकडे जेवायला गेले. शोकेसमध्ये ठोकळा आडवा ठेवला होता, बूड पुढे करून. दारातून येणाऱ्याला आधी लाल ठिपकाच दिसावा असा. मी म्हटलं, मामा, सरळ ठेवा की, तुमचं पॉलिश दिसू द्या, डाग काय दाखवताय.

मामांनी शोकेसची काच फडक्याने पुसली. “पॉलिश काय, रोजचंच हाय,” ते म्हणाले. “त्यो ठिपका तेवढा तुझ्या हातचा हाय, पोरी.”

मामींनी माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली. मी नको म्हणणार होते, पण तीही सगळी संपवली.