भिमाबाईंचा गुलाब आणि माझी पावडर

माझ्या सासूबाई, भिमाबाई, रागावलेल्या नसतील तर झोपलेल्या असतात, असं आमच्या जेलरोडच्या सोसायटीत सगळे म्हणतात. खोटं नाही ते. दूधवाला पिशवी जरा जोरात ठेवतो म्हणून त्याला बोलणी, वरच्या मजल्यावरची रंगूबाई गॅलरीतून चादर झटकते म्हणून तिला बोलणी, आणि मी? मी तर घरातलीच. माझ्या वाटचं सकाळी चहासोबतच मिळतं. लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर मी मोरीत नळ सोडून रडले. मग माझंही तोंड सुटलं. आता तोंडाला तोंड देते. नवरा, अश्विन, मधे पडत नाही. तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

पण एका ठिकाणी या बाईचा आवाज खाली यायचा. कंपाउंडच्या भिंतीशी, पाण्याच्या टाकीला लागून, त्यांचा गावठी गुलाब होता. फिकट गुलाबी, पाकळ्या पातळ, दुपारपर्यंत गळून जाणारा, पण वास असा की जिन्यात यायचा. त्याच्याशी त्या हळू बोलायच्या. मी खिडकीतून ऐकलंय. "ऊन लागतंय का गं," वगैरे. मला कधी कुणी या घरात ऊन लागतंय का विचारलं नाही, असं तेव्हा मनात आलंच, आता खोटं कशाला बोलू!

तो गुलाब पिंकीचा. पिंकी माझी नणंद, मी तिला फक्त फोटोत पाहिलंय. सासरे एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात कोळशाच्या बेल्टवर कामाला होते, रिटायर झाल्यावर त्यांनी इथे तळमजल्यावर घर घेतलं. त्या वर्षी पिंकी मनमाडला मावशीकडे राहायला गेली होती. येताना तिथल्या रेल्वे क्वार्टरच्या दारातली गुलाबाची काडी तोडून आणली, भिंतीशी खोचली आणि विसरून गेली. लागली ती. पुढे कॉलेजात असताना पिंकी डेंग्यूनं गेली. सासरेही गेले. राहिला गुलाब. दर पौर्णिमेला त्याची फुलं विहारात जायची, जयंतीला पहिलं फूल बाबासाहेबांच्या फोटोला. हे सगळं मला भांडणांमधूनच कळत गेलं. आमच्याकडे बातम्या अशाच कळतात.

यंदा सोसायटीला पार्किंग वाढवायचं सुचलं. सेक्रेटरी महेश, त्याच्याकडे नवी गाडी आली, म्हणजे आता सगळ्यांनी कंपाउंडला काँक्रीट हवं म्हणायचं! मीटिंगमध्ये ठराव झाला, भिंतीलगतची सगळी झाडं काढायची. भिमाबाई उठल्या. काय बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही. गुलाब मुळासकट उपटून दुसरीकडे लावू म्हटलं, तर त्याची मुळं टाकीच्या भिंतीला चिकटलेली. खोदलं तर टाकी गळेल म्हणून कुणी हात लावू देईना. शेवटी मी उभी राहिले. म्हटलं, फांद्या लावून रोपं करून घेतो, रोपं धरेपर्यंत थांबा. कुरकुर करत कबूल झाले. पाऊस लागेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, असं ठरलं. महेशचं तोंड एवढंसं झालं होतं.

आता मी मार्केट यार्डाजवळ एका कृषी सेवा केंद्रात बिलं करते. द्राक्षवाले शेतकरी कलमासाठी जंगली खुंटाच्या काड्या लावायला मुळं फुटायची पावडर आमच्याकडूनच नेतात. कोवळ्या काडीला वेगळी, जून काडीला वेगळी, असते ती. मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या काढल्या, डोळ्याखाली, म्हणजे पान फुटतं त्या जागेखाली, तिरपा काप घेतला, खालची पानं काढली, टोक ओलं करून पावडरीत बुडवलं आणि जास्तीची झटकली. आधी पिशवीतल्या मातीत काटकीनं भोक पाडायचं, मग खोचायची, नाहीतर पावडर मातीलाच पुसली जाते. ओल टिकावी म्हणून वरून दुसरी पिशवी बांधली, मागच्या ओट्यावर सावलीत ठेवल्या.

"इख लावतीयेस माझ्या गुलाबाला?" मागून आवाज.

"विष नाही आई, मुळं येण्याचं औषध आहे."

"पिंकीनं काय औषध लावलं व्हतं? नुसती खोचली आन् लागली."

"ते पावसाळ्याचे दिवस होते. आता ऊन बघा."

"मला नको शिकवू. आमच्या येवल्याकडं बाया कोरफडीतच लावतात."

झालं! मग त्यांनी त्यांच्या वेगळ्या लावल्या. शेंड्याच्या कोवळ्या काड्या घेतल्या, कोरफडीचं पान चिरून त्यात रात्रभर खोचून ठेवल्या, सकाळी टोकाला मध लावून पिशव्यांत. कोरफडीला मी नावं ठेवणार नाही. मधालाही नाही. आमच्याकडे येणारे शेतकरी सांगतात, त्यानंही लागतात काड्या, सडत नाहीत. कोरफडीचा काही दोष नव्हता. दोष होता तो या बाईच्या हाताचा. रोज सकाळी उठून काडी चिमटीत धरायची आणि वर ओढून बघायची, मूळ आलं का! आणि परत खोचायची!

"आई, ओढू नका! केसाएवढं मूळ येतं पहिल्यांदा, तुटतं ते!"

"मला बघू दे की. माझा जीव टांगणीला लागलाय."

"माझ्या काड्यांना हात लावाल तर बघा."

"काय करशील?"

"पिशव्या उचलून माहेरी नेईन."

रंगूबाई वरून ऐकत असायची. ऐकू दे. त्यांच्या काड्या मी वाचवू शकत नव्हते, पण माझ्यांवर मी कोंबडी अंड्यांवर बसते तशी बसले होते. कामावर जायच्या आधी बघायची, आल्यावर बघायची. एकदा त्या हात घालताना सापडल्या तर मी हाताला धरून बाजूला केलं, सासूला! त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

जयंती झाली आणि त्यांच्या काड्यांना पालवी फुटली. इवली तांबूस पानं, टवटवीत. माझ्या काड्या तशाच, काळपट, डोळा हलायला तयार नाही. काय विजय झाला म्हणून सांगू! सोसायटीभर सांगून आल्या. "सुनेची पावडर पडली गार. माझी कोरफड जिंकली."

मी सांगितलं. घसा फोडून सांगितलं. काडीत जुना जोर असतो, त्यावर पानं फुटतात. पानं आली म्हणजे मूळ आलं असं नसतं. आमच्या दुकानात लोक असेच नाचत येतात आणि पंधरवड्यानं रडत येतात. उलट मूळ आधी धरणारी काडी वरून मेल्यासारखी दिसू शकते. थांबा. काही करू नका. त्या म्हणाल्या, "जळतेस तू." अश्विननं टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या आठवड्यात द्राक्षाच्या उन्हाळी छाटणीची, खरड छाटणीची, गर्दी. दुकानात पाय ठेवायला जागा नसते, सुट्टी मागायची सोय नाही. मी सकाळी गेले ती दिवेलागणीला आले. फाटकातून आत शिरले तर भिंतीशी काहीतरी मोकळं वाटलं. गुलाब नव्हता. बुंधा जमिनीबरोबर छाटलेला, त्यावर खडी टाकलेली, वर लोखंडी जाळी. मजूर पाणी मारत होते. फांद्या कचऱ्याच्या गाडीत कधीच गेल्या होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच ओरडले, "महेशभाऊ, पाऊस लागेपर्यंतचं ठरलं होतं ना?"

महेश बाहेर आला, हात वर करून. "वहिनी, माझ्यावर नका येऊ. काकूंनीच सांगितलं. विचारा त्यांना."

झालं होतं असं. तो सकाळी भिमाबाईंना म्हणाला होता, काकू, कशाला त्या काड्यांच्या मागे लागलात, तुमच्यानं काही व्हायचं नाही, नर्सरीतून हवा तसला गुलाब आणून देतो. एवढंच. आणि आमची बाई पेटली. त्याला ओट्यावर ओढत नेलं, पानं दाखवली. "हे बघ! डोळे फुटले का तुझे? लागलाय माझा गुलाब! मला तुझी मेहरबानी नको. घे तुझं पार्किंग, आत्ताच्या आत्ता घे!" आणि तो काय, वाटच बघत होता. असल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? दुपारपर्यंत मजूर हजर.

मी आत गेले ती पिशवी आपटूनच. "काय केलंत तुम्ही? काय केलंत?"

"ओरडू नको. लागल्यात माझ्या काड्या."

"नाही लागल्या! आणि माझ्या कुठायत? माझ्या पिशव्या कुठायत?"

"वाळल्या व्हत्या त्या. दिल्या फेकून तिकडं पाचोळ्यावर. मला पिशव्या लागत व्हत्या, माझ्यांना मोठ्या."

माझ्या तोंडून जे निघालं ते मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. तुमच्या रागानं हे घर खाल्लं, म्हटलं. तुम्हाला एक गोष्ट जिवंत ठेवता येत नाही, म्हटलं. त्याही गप्प बसल्या नाहीत. रंगूबाई खाली आली, आमचं बघून परत वर गेली. अश्विननं त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि घराबाहेर निघून गेला. मी रागानं अशी आंधळी झाले होते की पाचोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फेकल्या तर फेकल्या, गेलं मसणात, असं म्हणून आडवी झाले.

मग ऊन तापलं. आठवडाभरात त्यांची पानं मलूल झाली. आधी त्यांनी पाणी वाढवलं, मग गोणपाटाची सावली केली, मग कोरफडीचा गर आणून मातीत ओतला. पानं काळी पडून गळाली. मी बघत होते. आमच्यात अबोला होता. एका संध्याकाळी त्यांनी एकेक काडी उपटली. प्रत्येकीचं खालचं टोक कापलं तसंच स्वच्छ, एक तंतू नाही. सगळ्या काड्या ओट्यावर ओळीनं ठेवून त्या तिथंच बसून राहिल्या, आणि एकदाही कुणाला शिवी दिली नाही.

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी चप्पल घातली आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात पाचोळ्याच्या ढिगाशी गेले. वरचा कचरा उपसला. माझ्या काड्या होत्या तिथं, मातीच्या गोळ्यासकट. पहिला गोळा हातात फुटला. काडीच्या टोकाला पांढरट गाठ, आणि त्यातून बोटभर लांबीची मुळं, चांगली झुबकाभर, उन्हानं करकरीत वाळलेली. दुसरीलाही. तिसरीलाही. हात लावला की मोडत होती.

मला इतकी तिडीक आली की मी त्या मुठीत धरून धावतच मागच्या ओट्याकडे गेले. आता दाखवते, म्हटलं. तोंडावर फेकते. शब्द तयार होते माझ्याकडे, एकापेक्षा एक धारदार. समोर गेले आणि मूठ उघडली.

भिमाबाईंनी एक काडी उचलली. डोळ्यांशी नेली. बोट त्या मुळांवरून फिरवलं, एक तुकडा गळून मांडीवर पडला, तो त्यांनी उचलून परत हातावर ठेवला.

"लागल्या व्हत्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझ्या लागल्या व्हत्या."

उरलेल्या काड्या मी त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवल्या. माझे धारदार शब्द कुठं गेले कुणास ठाऊक.

"मग तू भांडली का नाय माझ्याशी?"

"आई! भांडले नाही? रोज भांडले! हाताला धरून ओढलं तुम्हाला!"

"अजून भांडायचं व्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढत गेला आणि मधेच फुटला. "कामावर जायचं नाय त्या दिशी. माझ्या पायात पाय घालून पाडायचं. पिंकी असती तर माझ्या हातातनं पिशवी हिसकावून घेतली असती. माझ्या तोंडाला कुणी लागत नाय म्हणून मी सगळं घालवते, तुला कळत नाय का गं?"

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि त्यांच्यावर ओरडत ओरडतच रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, मीही त्यांच्या ठेवला नाही. बाहेर गुलाबाच्या जागेवर महेश नवी गाडी लावत होता, मागे घेताना ती टूं टूं वाजत होती. भिमाबाई उठल्या, फाटकापर्यंत गेल्या. मला वाटलं आता त्याची खैर नाही. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि गाडी नीट लागेपर्यंत बघत राहिल्या.