नार्वेकरांची पात्रता

सदाशिव नार्वेकर हा माणूस मला कधीच आवडला नाही. सिल्वासाला लागून असलेल्या सामरवरणीच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर, त्यामुळे टाळायचं म्हटलं तरी टळत नाही. त्यांची बायको उषा मात्र माझी मैत्रीण. सिल्वासाच्या मराठी शाळेत आम्ही दोघींनी उभी नोकरी एका टेबलावर डबे उघडून काढली.

नार्वेकर प्रशासनाच्या लेखा शाखेत होते, अधीक्षक होऊन निवृत्त झाले. काम काय, तर कर्मचाऱ्यांची प्रवासभत्त्याची बिलं तपासायची. सरकारात ज्याचा जसा हुद्दा तशी त्याची गाडीतली जागा. एखादा शिपाई चुकून वरच्या वर्गात बसून आला, की नार्वेकर लाल शाईने 'पात्रता नाही' असं लिहून त्याचं बिल परत पाठवायचे. चला, नोकरी होती, नियम होता. पण या गृहस्थांनी तो नियम घरी आणला. कोकणात कुणाचं लग्न निघालं की वापी स्टेशनवर अख्ख्या घराची वाटणी व्हायची. हे आणि उषा एसीच्या डब्यात, आणि यांचा धाकटा सख्खा भाऊ कंपनीत फिटर, म्हणून तो साध्या डब्यात. पाहुणा आला की आधी तो कुठे नोकरीला आहे ते विचारायचे, मग त्याला चहा बशीतल्या कपातून द्यायचा की स्टीलच्या पेल्यातून ते ठरायचं. हे मी स्वतः पाहिलंय. शिसारी आली होती मला.

उषाची धाकटी बहीण नलिनी खानवेलला मुलींच्या वसतिगृहात मदतनीस होती. हुद्दा चतुर्थ श्रेणी. लग्न केलं नाही. नार्वेकरांची आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून ही बाई ड्यूटी संपली की खानवेलची बस पकडून सिल्वासाला यायची, म्हातारीचं हगणंमुतणं काढायची, भरवायची आणि सकाळच्या बसने परत कामावर. सुट्टीत उषा-नार्वेकर कुठे निघाले की घरी कोण? नलिनी. म्हणजे दोघी बहिणी एका गाडीने कधी गेल्याच नाहीत. एक निघाली की दुसरीने मागे राहायचं. आजारी बाईचं करायला पात्रता लागत नव्हती बरं का.

म्हातारी गेली. वर्ष उलटल्यावर मृणालचा, म्हणजे उषाच्या लेकीचा, जर्मनीहून फोन आला. मीही तिथेच बसले होते. "आई, बाबा, मावशी, तिघंही या. आणि बाई, तुम्हीसुद्धा. आता काय कारण सांगणार?" मृणाल माझ्या वर्गात होती. मी काही कारण सांगितलं नाही.

उषा त्या दिवशी माझ्याकडे येऊन बसली. एरवी ती स्वतःसाठी काही मागत नाही. म्हणाली, "बाई, मला ते डोंगर आणि ते राजवाडे काही नको. नलूच्या शेजारी खिडकीशी बसायचंय. एकदा. बस."

मृणालने निक्षून सांगितलं होतं, रेल्वेचे पास सेकंड क्लासचे काढा, इथे सगळी दुनिया सेकंडनेच जाते. मी माझा तसाच काढायला सांगितला. नार्वेकर मात्र स्वतः गेले किलवणी नाक्यावर, कल्पेशच्या ऑफिसात. कल्पेश तिकिटांची कामं करतो. पास घ्यायला आम्ही गेलो तेव्हा त्याने उषाला विचारलं, "आंटी, वो नलिनीबेन अलग बैठेंगी, चलेगा ने?"

"वेगळी का?"

"अंकलने बोला. आप दोनों का फर्स्ट, उनका सेकंड."

उषाने नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या आयफेल टॉवरकडे पाहत होते.

"अहो, नलू वेगळी बसणार?"

"वेगळी कसली? गाडी तीच, इंजिन तेच. पोचायचं एकाच वेळी. शिवाय तिला बाईंची सोबत आहे."

"पण सगळ्यांनाच सेकंड का नाही?"

"माझी पात्रता पहिल्या वर्गाची आहे. तू माझी पत्नी म्हणून तुझीही. तिची नाही. यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?" आणि मग कल्पेशकडे वळून, अगदी गंभीरपणे, "चेकर आला तर निवृत्तीचं ओळखपत्र चालेल ना? त्यावर पद लिहिलंय."

कल्पेश हसायला लागला. "अंकल, उधर कोई पोस्ट नहीं पूछता. जिसका टिकट, उसकी सीट. झाडूवाला भी फर्स्ट में बैठ सकता है."

नार्वेकरांचा यावर विश्वास बसला नाही. असं कसं असेल? मग पहिला वर्ग काढलाच कशाला त्या लोकांनी?

नलिनीला कळलं तशी ती म्हणाली, "ताई, मी नाहीच येत. त्यांच्या मनात नाही." उषाने तिची बॅग स्वतः भरली. नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याकडे गेलेच नाही. बोल ना बाई काहीतरी! हयातभर वर्गात मुलांना 'खणखणीत उत्तर द्या' म्हणायचं आणि घरात तोंडाला कुलूप!

जर्मनीला पोचल्यावर पहिला मोठा प्रवास मृणालच्या गावाहून झुरिचचा. तिला रजा नव्हती, स्टेशनवर सोडायला आली. पहिल्या वर्गाचे डबे फलाटाच्या एका टोकाला. नार्वेकर हातात प्लास्टिकची फाइल धरून तिकडे चालू लागले, उषा मागोमाग गेली. वळून पाहत होती, पण गेली. मी आणि नलिनी आमच्या डब्यात चढलो.

आता ज्या दुसऱ्या वर्गाला हे गृहस्थ घाबरले होते तो काय होता ते सांगते. गादीच्या खुर्च्या, मध्ये टेबल, स्वच्छ काचा, संडास आपल्या दवाखान्यांपेक्षा चकचकीत. समोर एक आजीबाई विणकाम करत होत्या, त्यांच्या पायाशी कुत्रा झोपलेला. पहिल्या वर्गात एक फेरी मी नंतर मारून आले. खुर्ची चार बोटं जास्त रुंद, पाय पसरायला वीतभर जागा जास्त आणि अर्धा डबा रिकामा. एवढ्यासाठी! एवढ्यासाठी या माणसाने दोन बहिणींमध्ये डबे उभे केले.

नलिनी खिडकीशी बसली होती पण बाहेर पाहत नव्हती. पदराचं टोक घडी करत होती, उलगडत होती. गाडीने वेग घेतला आणि पलीकडचं दार सरकलं. उषा. एका हाताने खुर्च्यांच्या पाठी धरत, दुसऱ्या हातात खाण्याची पिशवी. आली आणि नलिनीला म्हणाली, "सरक."

"ताई, भाऊजी?"

"आहेत तिकडे. कुणी बोलत नाही, कुणी हसत नाही. मी 'ते बघा गाई' म्हटलं तर म्हणे हळू बोल. तिथे काय देवळात बसलोय?"

नलिनी हसली. मग दोघी काचेला नाक लावून सुरूच झाल्या. ते बघ छप्पर, ती बघ नदी, अगं ती बाई सायकलवर कुत्र्याला घेऊन निघाली! आपल्या खानवेलच्या रस्त्यावर कुणी असा कुत्रा नेला तर पोरं मागे धावतील, असं नलिनी म्हणाली आणि उषा खो खो हसली. स्टाफरूममध्येसुद्धा मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने नार्वेकर आले. फाइल हातातच.

"उषा, तुझी जागा तिकडे आहे."

"मला माहीत आहे."

"मग इथे काय करतेस?"

"बसलेय. वरच्या वर्गाचा पास असला तर खाली बसता येतं. मृणालला विचारून घेतलंय मी."

"पात्रता असताना खाली बसायचं? कुणी पाहिलं तर?"

"कोण पाहणार? या आजी? सिल्वासातलं कोण आहे इथे?"

नार्वेकरांनी घसा साफ केला. "चेकरला कार्ड दाखवलं. त्याने नुसतं हसून परत दिलं. शिस्त नाही लोकांना." मग पिशवीकडे पाहत, "जेवायचं काय?"

म्हणजे हे बायकोला न्यायला आले नव्हते. थेपल्यांसाठी आले होते. ज्या नलिनीला शेजारी बसवून घ्यायची लाज वाटली, तिने पहाटे मृणालच्या ओट्याशी उभं राहून लाटलेले थेपले.

नलिनीने कागदी रुमालात दोन थेपले आणि कैरीचा गोड छुंदा गुंडाळून दिला. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. "भाऊजी, बसा ना. उभ्याने कसं खाल?"

"नको. माझी जागा आहे तिकडे."

पण भूक लागली होती. तिथेच, रिकाम्या खुर्चीला टेकून, गाडीबरोबर हेलकावे खात त्यांनी पहिला थेपला संपवला. छुंद्याचा पाक मनगटावर ओघळला, कोपरापर्यंत गेला. समोरच्या आजींनी विणकाम थांबवून त्यांना बसायची खूण केली. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. दुसरा थेपला हातात धरून ते निघाले आणि दारापाशी थांबले. "परत येताना तरी तिकडे बसशील ना?"

"नाही," उषा म्हणाली. "आणि उद्याही नाही. तुम्हाला यायचं असेल तर इथे जागा आहे."

दार सरकून बंद झालं. नलिनी ताईच्या तोंडाकडे बघत राहिली. उषाने तिची हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीकडे वळवलं. "माझ्याकडे काय बघतेस? बाहेर बघ."

नार्वेकर त्या सबंध सहलीत पहिल्या वर्गात एकटे बसले, आणि रोज जेवायच्या वेळी आमच्या डब्यात येऊन उभ्याने खाऊन गेले.